धंदा : घरकाम

चि. भाचीबाईस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ताटावर होतो. ‘जेवून करतो’ म्हणालो आणि केलाच नाही. तू विचारलेल्या दोन्ही गोष्टी फोनवर उरकण्यासारख्या नव्हत्या. पहिली अशी, की साक्षीदार बाई न रडता, सरळ आवाजात बोलली, म्हणून न्यायाधीश साहेबांचा तिच्यावर विश्वास बसला नाही असं तुला वाटलं; हा त्यांचा पूर्वग्रह की तुझा वहीम? आणि दुसरी, तुझा पक्षकार बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यायला निघालाय, बहिणीला वकील नाही, ती सही करायला एका पायावर तयार आहे, कायद्यानं कुठं अडत नाही; मग तुला का खटकतंय?

नाव-गाव सांगितलं नाहीस हे बरं केलंस. पक्षकाराची गोष्ट मामाच्या कानावरही घालायची नसते. हे पत्र मी छापायला देतोय, तेव्हा तुझ्या दोन्ही प्रकरणांचे तपशील बदलून घेतले आहेत. गोंदिया आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं तेव्हापासून मी वकिलीचा कोट घालतोय. तुझ्या प्रश्नांची उत्तरं मला वेळेवर आली असती तर पत्र चार ओळींत संपलं असतं.

साहेबांपासून सुरुवात नको. भाषेपासून करू.

एका तालुका कोर्टात, कुठल्या ते सोड, मारहाणीची केस चालू होती. मी माझ्या पुकाऱ्याची वाट बघत मागच्या बाकावर बसलो होतो. पिंजऱ्यात एक म्हातारी. नाव, वय, धंदा मजुरी, राहणार अमुक. तिनं सांगितलं, ‘थो बांधीत पडला होता.’ साहेब पश्चिम महाराष्ट्रातून नुकतेच बदलून आलेले, माणूस सज्जन, कामाला वाघ. त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, ‘तो बांधावर पडला होता.’ आता तुला-मला माहीत आहे की बांधी म्हणजे आपलं धानाचं शेत, पाणी धरून ठेवणारा तुकडा. आणि ते ज्याला बांध म्हणतात त्याला आपण धुरा म्हणतो. पंचनाम्यात जागा होती शेताच्या मधोमध. मग उलटतपास सुरू झाला. ‘तुम्ही आज कोर्टात बांधावर म्हणता, पंचनाम्यात शेतात आहे, मग खरं काय?’ म्हातारी गोंधळली. ‘बांधीतच म्हणलं ना जी मी.’ ‘तेच विचारतोय, बांधावर की शेतात?’ तिला प्रश्नच कळेना. निकालात तिची साक्ष विसंगत म्हणून बाजूला पडली.

उलटतपास घेणारा वकील लाखांदूरकडचा, धानातच वाढलेला. त्याला बांधी माहीत नव्हती? माहीत होती. बाकांवर बसलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होती. दोघं-तिघं तर हसले. आरोपीचा वकील म्हणून सरकार पक्षाची चूक दुरुस्त करून देणं त्याचं काम नव्हतं, हे मी मान्य करतो. पण चूक दुरुस्त न करणं वेगळं आणि त्या चुकीवर उभं राहून म्हातारीला खोटं पाडणं वेगळं. सरकारी वकिलांनी उठून ‘साहेब, शब्द बांधी आहे, तो तसाच नोंदवावा’ एवढं म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता. ते दुसऱ्या फाईलमध्ये डोकं घालून बसले होते.

त्या साहेबांच्या मनात म्हातारीविषयी काडीचाही राग नव्हता. म्हणून मी ही गोष्ट सांगतोय. तुला वाटतं पूर्वग्रह म्हणजे कपाळावरची आठी, चढलेला आवाज. तसा तो असतो तेव्हा ओळखायला सोपा असतो, अपिलात कामीही येतो. पण बहुतेक वेळा तो तोंडातून निघालेला शब्द आणि कागदावर उमटलेला शब्द यांच्यामधल्या जागेत बसलेला असतो. ऐकणाऱ्याला आपलं मराठी म्हणजेच मराठी वाटतं, आपल्या घरच्या बायका जशा वागतात तशाच सगळ्या बायका वागतात असं वाटतं.

तुझ्या साक्षीदार बाईच्या बाबतीत मी एकच करून बघतो. समजा ती रडली असती. तर साहेबांनी विश्वास ठेवला असता, की ‘नाटक करते’ म्हटलं असतं? न रडली तर निबर, रडली तर नाटकी, अशी दोन्हीकडून ती खोटीच ठरणार असेल तर तो पूर्वग्रह आहे, तुझा वहीम नाही. आणि रडली असती तर विश्वास बसला असता असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर तोही पूर्वग्रहच, फक्त जरा मवाळ. पण थांब. तिसरीही शक्यता आहे: साक्ष खरोखर कच्ची असेल आणि तुला ती बाई आवडली असेल. ही तपासणी आधी करायची. हरलेल्या प्रत्येक केसमागे साहेबांचा पूर्वग्रह दिसणारे वकील मी पुष्कळ पाहिलेत, बार रूममध्ये ते चहा पाजतात आणि ऐकवत बसतात.

मग करायचं काय? भांडायचं नाही. जिथं उत्तराचा अर्थ बदलतोय असं वाटेल तिथं उभं राहून प्रश्न आणि उत्तर जसंच्या तसं नोंदवण्याची विनंती करायची. साक्ष संपल्यावर साक्षीदाराला ती वाचून दाखवायची असते. घाईत ते राहून जातं, तू राहू देऊ नकोस. विनाकारण अपमान करणारा प्रश्न आला तर तो रोखण्याचं कलम जुन्या पुरावा कायद्यात होतं, नव्या साक्ष अधिनियमातही आहे. कलम तोंडपाठ ठेव, आवाज खाली ठेव. कोर्ट बदलून मागण्याचा अर्ज अगदी शेवटचा. तो करताना हात थरथरला पाहिजे.

तुला ‘बेटा’ म्हणतात आणि समोरच्याला ‘वकीलसाहेब’, असंही तू हसत हसत म्हणालीस. माझ्या मते पहिल्या दोन वेळा सोडून दे. तिसऱ्या वेळी नम्रपणे म्हण, ‘साहेब, वादीतर्फे मी.’ हे मी एका बाईवकिलाला करताना पाहिलंय. साहेब क्षणभर थांबले, मग ‘बोला, वकीलबाई’ म्हणाले. पुढं कधी ‘बेटा’ आलं नाही.

तुझ्या न रडणाऱ्या बाईवरून आठवलं ते वडसा. लाखांदूरच्या पुढे गेलं की देसाईगंज, आपण वडसा म्हणतो ते. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. तिथल्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला तू मथुरा प्रकरण म्हणून परीक्षेला लिहिला असशील. सत्र न्यायालयानं तिला खोटारडी ठरवून आरोपी सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, तेव्हा संमती होती. रात्रीचं ठाणं, आत वर्दी, बाहेर उभे असलेले तिचे अडाणी नातेवाईक, आणि कोर्ट विचारतंय की तू ओरडली का नाहीस. पुढच्या वर्षी, १६ सप्टेंबर १९७९ ला, दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. गप्प राहून शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असा त्यांचा मुद्दा. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा गुन्ह्यात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली की कोर्टानं तसं धरून चालायचं.

त्या पत्राबद्दल मला एक गोष्ट फार आवडते. चौघांनी न्यायमूर्तींच्या हेतूवर बोट ठेवलं नाही. निकालपत्रातली वाक्यं घेतली आणि विचारलं, हे वाक्य कुठल्या पुराव्यावर उभं आहे? तूही तेवढंच करायचं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्त्रियांबद्दलच्या ठोकळेबाज समजुतींवर एक पुस्तिका काढली आहे, कुठला शब्द टाळावा आणि काय म्हणावं याची. वाच. पण बांधी तुला त्यात सापडणार नाही.

आणि खैरलांजी. यावर लिहायचं मी टाळत होतो, कारण भंडाऱ्याच्या वकिलाला बाहेर कुठंही गेलं की हा एकच प्रश्न विचारतात. पण तुला टाळून कसं चालेल.

आपल्या मोहाडी तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २००६. भैयालाल भोतमांगे या बौद्ध गृहस्थांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर या चौघांना जमावानं ठार मारलं. त्याच महिन्यात आधी झालेल्या एका मारहाणीत सुरेखा आणि प्रियंका साक्षीदार होत्या, त्यांनी मारणाऱ्यांची नावं सांगितली होती. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी हे घडलं. तपास सीबीआयकडे गेला, खटला भंडाऱ्यात चालला. १५ सप्टेंबर २००८ ला आठ जण दोषी ठरले, तिघे सुटले. २४ सप्टेंबरला सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी केली. भैयालाल २० जानेवारी २०१७ ला गेले.

भंडाऱ्याच्या निकालाला कुणी सौम्य म्हणू शकणार नाही. सहा फाशी म्हणजे काय ते तुला कळतं. तरीही इतकी वर्षं तो निकाल मनात सलतो, कारण दोन्ही न्यायालयांनी हा सूड ठरवला आणि अॅट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. साक्ष दिली म्हणून सूड घेतला. जातीच्या कारणावरून मारलं हे सिद्ध झालं नाही. आमच्या बार रूममध्ये तेव्हा दोन तट पडले होते. एक म्हणे, न्यायाधीश पुराव्याच्या बाहेर कसे जातील? दुसरा म्हणे, पुरावा गावातच उभा होता. मी पहिल्या तटात होतो. कायद्याचे शब्द तेव्हा होते, ‘ती व्यक्ती अनुसूचित जातीची आहे या कारणावरून’. कारण सूड असेल तर जात कशी असेल? मला ते तर्कशुद्ध वाटलं होतं.

आज वाटतं, सूड आणि जात असे दोन रकाने आखून एकातच खूण करा म्हणणं हीच गफलत होती. साक्ष तर गावात कुणीही कुणाविरुद्ध देतं. साक्ष दिली म्हणून अख्खं घर, बाया-पोरांसकट, सगळ्यांच्या देखत संपवता येईल असं जमावाला कुणाच्या बाबतीत वाटतं? गावात मोजकीच बौद्ध घरं, त्यातल्या बाईनं जमीन राखली, मुलीला शिकवलं, आणि ठाण्यात जाऊन नावं घेतली. सूड होताच. पण तो घ्यायची हिंमत कुठून आली, हे विचारणारा रकानाच नव्हता. २०१६ पासून कायद्याचे शब्द बदललेत. मोठ्या गुन्ह्यांत आता ‘जात माहीत असताना’ एवढं पुरतं, आणि आरोपीची ओळखपाळख असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट धरून चालतं. खेड्यात कुणाला कुणाची जात माहीत नसते? २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जुन्या शब्दांबद्दलही म्हटलं की जात हे एकमेव कारण असायला हवं असं नाही.

त्या दुरुस्तीतलं कलम १५ अ मात्र तू पाठच कर. पीडिताला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना कोर्टातल्या प्रत्येक कामकाजाची, जामिनाचीसुद्धा, वेळेवर खबर मिळण्याचा हक्क. आरोपी सुटतोय हे त्या घराला आधी कळणं म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. तुझ्याकडे असं प्रकरण आलं आणि नोटीस गेली नसेल तर जामिनाच्या दिवशी पहिलं वाक्य तेच बोल. तू आरोपीची वकील असलीस तरी नोटीस गेली का ते बघ. न बघता मिळवलेला जामीन टिकत नाही, हे पक्षकारालाही समजावता येतं.

इथवर मी दुसऱ्यांचे दोष काढले. आता माझा.

२०११ ची गोष्ट. नवऱ्याच्या सायकलवर मागं बसून चाललेली बाई, हायवेवर ट्रकची धडक, जागीच गेली. वय ३८, मागं नवरा आणि दोन लेकरं. दावा मी दाखल केला. मृताचा तपशील भरताना मीच लिहिलं, ‘धंदा : घरकाम’. बोट न अडता लिहिलं. हजार वेळा लिहिलंय, पोलिसांच्या जबाबात तेच असतं, साक्षीच्या मथळ्यावर तेच असतं. लोकअदालतीत प्रकरण लागलं. विमा कंपनीचे वकील माझे जुने मित्र. गृहिणीचं उत्पन्न महिना ३,००० धरायचं, असा २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा आधार होता आणि तो सगळ्यांच्या अंगवळणी पडला होता. वर्षाचे ३६,०००, त्यातून तिच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, उरले २४,०००, वयाप्रमाणे १५ नं गुणायचं. ३,६०,०००. ते तीन लाखांवर अडून होते, मी घासाघीस करून पूर्ण ३,६०,००० वर आणले. टाळी दिली, सह्या झाल्या. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे तुला माहीतच आहे.

बाहेर पायरीवर तिची सासू बसली होती. तिनं विचारलं, ‘वकीलसाहेब, बिड्याचे पैसे मोजले का जी?’

मी म्हटलं, कसल्या बिड्या?

तिनं पदराच्या गाठीतून कार्ड काढलं. बिडी कंपनीचं. रोज किती बिड्या दिल्या, किती पैसे मिळाले, सगळं तारीखवार. कडांना तेंदूपानाचा तपकिरी डाग. घरातली कामं आटोपून ती बाई सूप मांडीवर घेऊन बसायची, आठवड्याला सट्टेदाराकडे माल घालायची, शिवाय पावसाळ्यात रोवणीला जायची. मी चार वेळा त्या नवऱ्याशी बोललो होतो. त्याचं उत्पन्न विचारलं होतं. तिचं विचारलंच नव्हतं. महिना पाच हजार जरी दाखवता आले असते तरी हिशेब सहा लाखांवर गेला असता. २,४०,००० रुपये मी माझ्या हातानं सोडले होते, आणि समोरच्यानं मला फसवलं नव्हतं. त्यानं माझाच रकाना वाचला होता.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं एका निकालात सरकारला फटकारलं होतं, की २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीला, अनुत्पादक म्हणून बसवलंय. तो निकाल मी वाचलेला होता. बार रूममध्ये त्यावर तावातावानं बोललोही होतो.

तेव्हा तडजोडीतली नीती म्हणजे काय, याचं माझं पहिलं उत्तर फार साधं आहे. आपण ज्याच्या वतीनं आकडा बोलतो त्याच्या घरी जाऊन यायचं. बाकीचे नियम बार कौन्सिलनं छापलेत. समोरच्याला वकील असेल तर त्याच्या पक्षकाराशी परस्पर बोलायचं नाही, अगदी बसस्टँडवर भेटला तरी. समोरच्याला दिलेला शब्द कागदावर नसला तरी पाळायचा. निकालातल्या रकमेत टक्का घ्यायचा नाही. हा शेवटचा नियम आपल्याकडे किती पाळला जातो ते विचारू नकोस. गोसीखुर्दच्या भूसंपादनात वाढीव मोबदल्याच्या प्रकरणांवर भंडारा-पवनीत किती कोट शिवले गेले असतील! त्या धरणाची कोनशिला १९८८ ची. जुन्या कायद्याप्रमाणे मोबदला उचलताना ‘हरकत राखून’ असं लिहून उचललं नाही तर वाढीव मागण्याचा हक्क जायचा. दोन शब्द. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनी अंगठा दिला आणि पैसे घेऊन घरी गेले. तिथं कुणी खोटं बोललं नव्हतं. दोन शब्द सांगितले नव्हते, इतकंच.

घासाघीस करायला माझी हरकत नाही. ‘एवढ्यात माझ्या पक्षकाराला परवडत नाही’ म्हणणं हा बाजार आहे, समोरचाही तोच करतो. आपण कुठवर खाली यायला तयार आहोत हे सांगायलाही कुणी बांधील नाही. पण नसलेला साक्षीदार आहे म्हणणं, हातात सहा लाखांची मंजुरी असताना ‘कंपनी तीनच्या वर देणार नाही’ असं छातीवर हात ठेवून सांगणं, ही लबाडी. आणि भंडाऱ्यासारख्या गावात ती फार काळ लपत नाही. समोरून आलेला प्रत्येक आकडा पक्षकाराला सांगायचा, तुला कितीही फालतू वाटला तरी. तो त्याचा आकडा आहे.

मग तुझं हक्कसोडपत्र.

कायदा तुला माझ्यापेक्षा ताजा आठवत असेल. महाराष्ट्रानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तो जन्मानंच मिळतो, २००५ ला वडील हयात असोत-नसोत. तरी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बहिणी रांगेत उभ्याच असतात. साडीचोळी घेऊन.

तू भावाची वकील आहेस. त्याचं हित बघणं तुझं काम आहे, त्यात लाजायचं कारण नाही. पण त्या बाईला वकील नाही. तेव्हा आधी पक्षकाराला तुझ्या टेबलासमोर बसव आणि सांग, ‘मी तुमच्या बहिणीला तीन गोष्टी सांगणार आहे, चालत नसेल तर फाईल घेऊन जा.’ मग तिला सांग: मी तुमची नाही, तुमच्या भावाची वकील आहे. या जमिनीत तुमचा इतका हिस्सा आहे. आणि तालुका विधी सेवा समितीत बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. भावाची फी जाईल? जाऊ दे. गेली नाही तर ते पत्र पुढं कुणाला सहजी मोडता येणार नाही, हेही त्याला सांग, पण हे कारण दुसऱ्या नंबरवर ठेव. एवढं ऐकूनही ती सही करेल. बहुतेक करतेच. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून बाई काय काय सोडते, ते तिनं ठरवायचं. तिला ठरवता आलं पाहिजे, एवढंच तू बघायचं.

मी ते बघितलं नव्हतं. २००१ साली तुझे आजोबा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आधी ताईनं, म्हणजे तुझ्या आईनं, हक्कसोडपत्रावर सही केली. तू तिच्या कडेवर होतीस आणि शिक्क्याच्या आवाजाला दचकून रडत होतीस. मसुदा मीच केला होता. वहीत प्रत आहे, काल काढून बघितली. ‘वय ३४, धंदा घरकाम’. ती तेव्हा गावातल्या अर्ध्या मुलींना शिवण शिकवत होती. चौऱ्याण्णवचा कायदा मला माहीत होता. सात वर्षांचा जुना होता. ताईला मी एवढंच म्हणालो, ‘इथं सही कर, कागद पूर्ण करायचे आहेत.’ तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दर वर्षी तुमच्याकडे तांदळाचं पोतं येतं ना, ते त्याच बांधीतलं.

हे पत्र छापायला देण्याआधी ताईला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, ‘तांदूळ तर येतो ना दर वर्षी.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, ‘किती होतं रे माझं?’

या दिवाळीला तिला घेऊन ये. सातबारा काढून ठेवला आहे. तिला वकील लागेल. तो तू होऊ नकोस, घरातली आहेस. साकोलीचा एखादा बघ, माझ्या ओळखीचा नसलेला.

तुझा,
मामा